मिरजेच्या तंतुवाद्य कारागीर चाचांना आभाराचे पत्र

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीचे युकुलेले (गिटारसारखे छोटे, चार तारांचे वाद्य) आज सुरेल वाजते आणि ती ते रोज आपणहून हातात घेते, याचे श्रेय सर्वस्वी आपले आहे. हे आभार चारचौघांत मानावेत असे मनापासून वाटले, म्हणून हे खुले पत्र लिहीत आहे.

आपली मदत खरेदीच्या आधीच सुरू झाली. लहान अशा सोप्रानो आकारात तारेची वाजती लांबी सुमारे १३ इंच असते, त्याहून मोठ्या कॉन्सर्ट आकारात ती १५ इंचांच्या आसपास जाते आणि त्यामुळे पडद्यांमध्ये, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, बोटांना थोडी जास्त जागा मिळते, म्हणून कॉन्सर्टच घ्या, असे आपण सुचवले. दुकानात रंग आणि नक्षी पाहण्याऐवजी मान डोळ्यांसमोर आडवी धरून ती सरळ आहे का ते पाहावे, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून छेडावी आणि कुठे खरखर येते का ते ऐकावे, हेही आपणच सांगितले. पुढची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायची, हे नादछिद्राच्या कडेला दिसणाऱ्या रेषांवरून ओळखता येते. अखंड लाकडाचा नाद अधिक मोकळा असतो हे मान्य करूनही, आपल्याकडच्या पावसाळ्यात लहान मुलाच्या हाती चांगल्या बांधणीचे प्लायचे वाद्य अधिक निभावते, हा आपला सल्ला मला फार मोलाचा वाटला. दुकानदाराने तो दिला असता असे वाटत नाही.

वाद्य घरी आले तेव्हा मोकळ्या तारा सुरात लागत होत्या, पण एफ कॉर्ड (एकत्र वाजवायचे ठरावीक स्वर) धरली की ती बेसूर ऐकू येई आणि मुलीची बोटे दुखू लागत. आपण तार तिसऱ्या पडद्यावर दाबून पहिल्या पडद्याकडे बोट दाखवलेत. तिथे तार आणि पडदा यांच्यात जेमतेम कागद सरकेल एवढीच फट हवी होती, प्रत्यक्षात ती कितीतरी जास्त होती. मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या नटच्या खाचा उथळ राहिल्या की पहिल्याच पडद्यावर तार खूप खाली दाबावी लागते, तिचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. म्हणजे दोष मुलीच्या बोटांत किंवा कानांत नव्हताच. तिच्यासमोर हे इतक्या शांतपणे उलगडून सांगितल्याबद्दल मी आपला विशेष ऋणी आहे, कारण ‘मला जमतच नाही’ असे ती तोपर्यंत म्हणू लागली होती.

त्यानंतरचे काम मी जवळून पाहिले. बारीक कानशीने खाचेत दोन-तीन हात मारायचे, तार पुन्हा बसवायची, सुरात आणायची, तपासायची आणि मगच पुढचा हात मारायचा; कारण खाच जरा जास्त खोल गेली तर मोकळी तार पडद्यावर घासू लागते. तंबोऱ्याची जवारी काढताना तार घोडीच्या पृष्ठभागाला अलगद स्पर्शून स्वर झणकारावा, यासाठी आपला हात चालतो. इथे मात्र तोच हात तार कुठेही न घासता स्वच्छ सुटावी म्हणून चालत होता, आणि दोन्ही कामांत कान एकच होता. पुढे सतारीच्या घोडीसाठी ठेवलेल्या हाडाच्या तुकड्यातून आपण सॅडलची, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती, नवी पट्टी घडवलीत. बाराव्या पडद्यावर तार तीन मिलिमीटरहून अधिक उंच होती, ती अडीचच्या आसपास आली. सॅडल जितके कमी करावे त्याच्या निम्म्यानेच तिथली उंची घटते, हा हिशेब मला त्या दिवशी समजला. मग बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि त्याच जागी तारेला नुसते स्पर्शून काढलेला स्वर एकमेकांशी जुळतात का, हेही आपण प्रत्येक तारेवर पडताळून पाहिलेत.

जी, सी, ई, ए या चार तारा मुलीला आपण प, सा, ग, ध म्हणून गाऊन दाखवल्यात, तेव्हा शाळेत शिकलेली सरगम आणि हे परके वाद्य तिच्या मनात एकत्र आले. चौथी तार खर्जातली नसून चारही स्वर एकाच सप्तकात बसतात, हे तिने लगेच ओळखले. मदेइरा बेटांवरून १८७९ मध्ये होनोलुलूला गेलेल्या पोर्तुगीज सुतारांच्या हातून हे वाद्य घडले, असे मी वाचले होते; त्याला सूर लावणारा हातही लाकूड जाणणाऱ्याचाच मिळाला, याचा मला आनंद वाटतो.

मूळ सॅडल आपण जसेच्या तसे पाकिटात परत दिलेत, ते वाद्याच्या केसमध्ये जपून ठेवले आहे. नव्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतील आणि वारंवार उतरतील, हे आपण आधीच सांगितल्यामुळे मुलगी गोंधळली नाही. पावसाळ्यात दमटपणाने लाकूड फुगून तारांची उंची बदलली तर स्वतः काही न करता वाद्य आपल्याकडेच घेऊन येऊ. येत्या गणेशोत्सवात सोसायटीच्या कार्यक्रमात ती वाजवणार आहे. आपण सहकुटुंब यावे, ही आम्हा सर्वांची आग्रहाची विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
एक पालक, सांगली