टुरेटसाठीच्या मनगटावरच्या यंत्राची ट्रायल कळव्यात पण घ्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी ऐरोलीत राहते, माझा मुलगा १३ वर्षांचा आहे आणि त्याला टुरेट आहे. म्हणजे डोळे मिचकावणं, मानेला झटका, घशातून एक आवाज, यांना टिक्स म्हणतात, आणि हे तो मुद्दाम करत नाही हे मी शाळेत, सोसायटीत, ट्रेनमध्ये सगळ्यांना समजावून थकलेय. मागच्या परीक्षेत आवाजामुळे त्याला वर्गाबाहेर बसवलं. घरी आला तर शर्टाची कॉलर चावून चावून ओली झालेली, म्हणाला, "आई, मी दाबून ठेवलं होतं गं, पण मग आतून खाज सुटल्यासारखं होतं."

औषध चालू आहे. त्याने टिक्स कमी झाल्या पण वजन वाढलं आणि सकाळी हाका मारून मारून पोरगं उठत नाही.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी घड्याळासारखं मनगटावर बांधायचं यंत्र बनवलंय, न्यूपल्स नावाचं. मनगटातून जाणाऱ्या मीडियन नर्व्हला ते एका लयीत बारीक करंट देतं, त्याने मेंदूतल्या हालचालीच्या भागाची लय बदलते आणि टिक करायची ती ओढ कमी होते असं त्यांचं म्हणणं. १२१ जणांची ट्रायल झाली, घरच्या घरी, दिवसाला १५ मिनिटं, आठवड्यातले ५ दिवस, ४ आठवडे. तुलनेसाठी काहींना नुसता नावापुरता करंट दिला होता, खरा करंट मिळालेल्यांपैकी ५९ टक्के लोकांच्या टिक्स किमान पाव हिश्शाने कमी झाल्या. पूर्ण बरं करा असं मी म्हणतच नाहीये साहेब, पण पाव हिस्सा म्हणजे त्याला एक पेपर वर्गात बसून लिहिता येईल.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल ठाणे महापालिकेचं आहे, तुमच्या खात्याचं नाही, माहितीये मला. पण तिथे मेडिकल कॉलेज आहे, तुम्ही शब्द टाकलात तर नॉटिंगहॅमवाल्यांशी बोलून आपल्या मुलांवर नीट देखरेखीखाली ट्रायल होऊ शकते. नाहीतर काय होईल सांगते. कंबरदुखीसाठी कातडीवरून करंट देणारं टेन्स मशीन दुकानात मिळतं, ते त्याच्या हाताला लावायचं माझ्याही मनात आलं होतं, ओळखीच्या फिजिओने वेळेवर अडवलं म्हणून, पण प्रत्येक आईला कोण अडवणार?

त्याची सगळी फाइल आणि टिक्स मोजलेली वही माझ्याकडे आहे, बोलवाल त्या दिवशी सुट्टी टाकून घेऊन येते.

ऐरोलीची एक आई