भाल्याची काठी होते तो प्रसंग दाखवल्याबद्दल

आदरणीय वस्ताद,
सादर नमस्कार.

‘द एट डायग्राम पोल फायटर’ हा १९८४ सालचा हाँगकाँगचा चित्रपट मी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा तो मला त्याच दिग्दर्शकाच्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’पुढे फिका वाटला होता. तालीम संपल्यावर आपण माझ्याशेजारी बसून तो पाहिलात आणि मला चेहरे सोडून मनगटे व पावले पाहायला लावलेत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

फितुरीमुळे रणांगणावर वडील आणि भाऊ गमावलेला यांग घराण्याचा पाचवा मुलगा, म्हणजे गॉर्डन लिऊ, भाल्याचे पाते काढून टाकतो, तिथे आपण चित्रपट थांबवलात. भाल्याला एकच टोक असते, काठीला दोन्ही, म्हणून पकडच नव्याने शिकावी लागते, आणि याचा हात मात्र अजून भोसकायलाच धावतो आहे, असे आपण म्हणालात. पुढे तो ज्या बौद्ध मठात आसरा घेतो, तिथले भिक्षू लाकडी लांडग्यांचे दात पाडण्याचा सराव करतात, कारण त्यांना लांडगा मारायचा नसतो, फक्त निरुपद्रवी करायचा असतो. हे आपल्या त्या वाक्यानंतरच मला उमगले.

दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंग यांचे वडील लाम साई-विंग यांचे शिष्य आणि लाम हे विख्यात चिनी कुंग फू गुरू वोंग फेई-हुंग यांचे, हे मी सांगितल्यावर आपण नुसती मान डोलावलीत. पाचव्या भावाच्या नावाची काठी त्यांच्या हुंग गार या दक्षिण चिनी कुंग फू परंपरेत आजही शिकवली जाते. हे दिग्दर्शक घरची विद्या पडद्यावर मांडत होते.

सहाव्या भावाची भूमिका करणारा अलेक्झांडर फू शेंग ७ जुलै १९८३ रोजी, चित्रीकरण चालू असतानाच मोटार अपघातानंतर वारला, त्यामुळे वेडा झालेला तो भाऊ कथेतून मध्येच नाहीसा होतो. याला मी पटकथेतला दोष समजत होतो. आता ती रिकामी जागा मला चित्रपटातल्या शोकाचाच भाग वाटते, आणि तिच्यामुळेच तो मला अधिक प्रिय झाला आहे.

शवपेट्यांच्या राशीवरच्या अखेरच्या लढाईत लांडग्यांवरचा तोच सराव जिवंत माणसांच्या तोंडावर उतरतो, तेव्हा आपण एक शब्दही बोलला नाहीत. सूड पुरा होऊनही पाचवा भाऊ ना मठात परततो, ना घरी.

पुढच्या महिन्यात तालमीतल्या मुलांना हा चित्रपट दाखवायचे ठरवले आहे. भाल्याचे पाते निघते तिथे मीही तो थांबवणार आहे. आपण शेजारी असावे, ही विनंती.

आपला नम्र शिष्य