आंबोलीच्या रस्त्यावरील बेडकांसाठी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुलैमध्ये आम्ही कुटुंबीय साताऱ्याहून निघून ठोसेघर, कोयनेजवळचा ओझर्डे धबधबा आणि राधानगरी असे फिरत फिरत आंबोलीला पोहोचलो. सह्याद्री तेव्हा भरात होता आणि चार दिवस सूर्य दिसला नाही, याचे कोणालाही वाईट वाटले नाही. पण मला लिहायचे आहे ते आंबोलीच्या शेवटच्या रात्रीबद्दल.

जेवणानंतर आम्ही विजेरी घेऊन रस्त्याच्या कडेने चालत होतो. पाऊस नुकताच थांबला होता आणि बेडकांच्या आवाजाने दोन्ही बाजू भरून गेल्या होत्या. दोनशे पावलांत आम्हाला चिरडलेले अकरा बेडूक आणि एक साप दिसला. एक इवलासा बेडूक पांढऱ्या पट्ट्यावरच बसून होता. सोबतच्या स्थानिक मुलाने त्याला अलगद ओंजळीत उचलून पलीकडच्या कातळावर सोडले, तोवर मागून आलेली गाडी वेग जराही कमी न करता निघून गेली.

‘आंबोली टोड’ हा पिवळसर पट्ट्यांचा लहानसा भेक शास्त्राला ज्ञात झाला तो 2009 मध्ये, आंबोलीतूनच. तो अतिसंकटग्रस्त आहे. पहिल्या पावसानंतर जांभ्या कातळावर साचणाऱ्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो, म्हणजे पर्यटकांची गर्दी आणि त्याचा विणीचा हंगाम एकाच वेळी येतात. अभयारण्याच्या फाटकाआत आपण नियम पाळतो. फाटकाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर मात्र त्याच जंगलातील जिवांना कोणी वाली नाही.

हा सावंतवाडी-बेळगाव मार्ग असल्याने रात्री तो बंद ठेवा, अशी मागणी मी करणार नाही. रुग्णवाहिका आणि मालवाहू गाड्यांना तो लागतोच. परंतु जून ते सप्टेंबर या काळात सायंकाळी सातनंतर, जिथे बेडूक रस्ता ओलांडतात अशा ठरावीक पट्ट्यांत ताशी वीस किलोमीटरची मर्यादा घालावी, तिथे गतिरोधक व ठळक फलक लावावेत आणि रस्त्याखालच्या मोऱ्या पावसाळ्यापूर्वी साफ कराव्यात. त्या जागा कोणत्या, हे स्थानिक तरुणांना तोंडपाठ आहे. बांधकाम आणि वन खात्यांनी त्यांना सोबत घेऊन एका पावसाळी रात्री हा रस्ता पायी चालून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सातारा