बाबा, गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून थांबवायच्या?

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, आलं-लसूण-लिंबाच्या रसाने ब्लॉकेज विरघळतं, मग गोळ्या कमी करता येतील, असं तुम्ही काल म्हणालात. ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या तुमच्या दोन गोळ्या स्टेंटच्या राखणीला आहेत. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढायला काही महिने जातात. तोवर तिथे रक्ताची गुठळी धरून जाळी अचानक बंद पडू शकते, आणि तो ॲटॅक पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. म्हणून ॲटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही गोळ्या देतात. उद्या दात काढायचा झाला तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारायचं. लसूण भाजीत खुशाल खा, पण आत साचलेला थर रसाने विरघळत नाही.

जो माणूस तुमचा रिपोर्ट न बघता साऱ्या जगाला एकच औषध सांगतो आणि शेवटी बाटलीची किंमत सांगतो, त्याचं ऐकू नका. ॲटॅक आला की जोरजोरात खोका, हा मेसेजही तसाच फिरतोय. त्या उपायाला आपला पाठिंबा नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट सांगितलंय. छातीत दुखलं, घाम फुटला, तर वेळ न घालवता 108 लावायचा. आई, हा नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

खर्चाचा विचार करून गोळ्या कमी करत असाल तर तसं मोकळेपणी सांगा ना. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात ती बरीच स्वस्त मिळतात.

शेजारच्या काकांची बायपास झाली आहे, त्यांच्याबरोबर फिरायला जात जा. पहिल्यांदा जिना चढताना वाटणारी भीती त्यांना कळेल तशी मला कळणार नाही. धीर त्यांच्याकडून घ्या, गोळीचं प्रमाण मात्र डॉक्टरांकडूनच.

आई, बाबा चिडचिड करतात, रात्री उठून नाडी बघत बसतात, असं तू म्हणालीस. ॲटॅकनंतर मन खचणं अनेकांना होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तपासणीच्या वेळी हेही डॉक्टरांना सांग. 14416 वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनची माणसं मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तुझं मन भरून आलं तर तूही कर फोन. बाबांची पथ्यं सांभाळताना तुझ्या बीपीच्या गोळीकडे कोण बघतं?

पुढच्या तपासणीला डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं दोन्ही न्या. विचारायचं ते आधी कागदावर लिहा. मी त्या वेळी फोनवर असेन, स्पीकर चालू ठेवा.

तुमची लेक