जीपीओच्या दुरुस्तीत चुना विसरू नका

संपादक महोदय,
मुंबईचे जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, १९१३ साली पूर्ण झाले. वास्तुविशारद जॉन बेग यांनी त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधला. घुमटाखाली आजही रोजचा टपाल व्यवहार चालतो, म्हणून अशा इमारतीच्या जतनाचा आराखडा फार जपून व्हायला हवा.

मी निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक. एका जुन्या दगडी तालुका कचेरीच्या दुरुस्तीवर होतो. सांध्यांतला चुना खरवडून तिथे सिमेंट भरले. चुन्यातून सुकणारे पाणी भिंतीतच अडकले. तिसऱ्या पावसाळ्यात आतून खार फुटला, रेकॉर्ड रूमला ओल आली. फेरफाराची एक वही मी उघडली, तर पाने पापडासारखी एकमेकांना चिकटलेली! कुणाच्या तरी जमिनीचा तो पुरावा होता. आजही जीव हळहळतो.

म्हणून विनंती, अंदाजपत्रक करण्याआधी जुन्या चुन्याचा नमुना तपासा. गळती भर पावसात उभे राहून पाहा, मे महिन्यात ती दिसत नाही. दप्तर हलवण्याचा खर्च आधीच धरा. आणि काम टप्प्याटप्प्याने करा, बचत खात्याचे पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांची खिडकी एक दिवसही बंद पडू नये.

— एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक, डोंबिवली