विहिरीमागच्या भिंतीबद्दल

पंचवटी, नाशिक

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीआधी कंपाउंडच्या भिंतीला गिलावा करून घे, असे बाबांनी परवा दादाच्या फोनवरून सांगितले तेव्हा मी "बघते" एवढेच म्हणाले, कारण मला जे सांगायचे होते ते फोनवर नीट सांगता आले नसते. समोरची आणि गल्लीकडची भिंत जरूर करून घेऊ. विहिरीमागच्या जुन्या दगडी भिंतीचा उत्तरेकडचा तुकडा मात्र खरवडू नये, त्यावर ब्लीचिंग पावडरचे पाणी मारू नये आणि तो सिमेंटखाली जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. त्या दगडांच्या सांध्यांत, जुन्या चुन्यावर वाढलेल्या मॉसमध्ये मला एक सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा बारीक कृमी (इंग्रजीत निमॅटोड), मिळाला आहे, आणि त्याची जाती आजवर कोणी नोंदवलेली नाही, असे माझे व माझ्या सहकाऱ्यांचे मत झाले आहे.

बाबा, निमॅटोड म्हटले की तुम्हाला सटाण्याच्या काकांची डाळिंबाची बाग आठवेल, पिवळी पडलेली झाडे आणि मुळ्यांवरच्या गाठी आठवतील, आणि असली ब्याद घराच्या भिंतीवर कशाला पोसायची, असे वाटेल. मुळांवर गाठी करणारा तो मेलॉयडोगायनी. त्याच्या तोंडात सुईसारखा काटा असतो आणि तो मुळाच्या पेशीत खुपसून तो आपले अन्न शोषतो. आपल्या भिंतीवरचा कृमी प्लेक्टस या प्रजातीतला, म्हणजे जवळच्या जातींच्या त्या गटातला, आहे. त्याच्या तोंडात काटा नाही, नुसती नळीसारखी पोकळी आहे, आणि ओल्या मॉसवर वाढणारे जिवाणू गिळून तो जगतो. आईच्या कुंड्यांतल्या गुलाबांना त्याच्यापासून काहीही धोका नाही. सूत्रकृमींच्या २५,००० हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि प्रत्यक्षात त्या याच्या कितीतरी पट असाव्यात, असे अभ्यासक मानतात. पण पिकांना आणि माणसांना छळणाऱ्या जातींवर जेवढे काम झाले, तेवढे या निरुपद्रवी जातींवर झाले नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

तुम्हाला तो नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, म्हणून कसा दिसतो ते लिहिते. मॉसचा झुबका पातळ कापडात ठेवून पाण्याने भरलेल्या नरसाळ्यात बुडवला, की जिवंत कृमी वळवळत कापडातून खाली उतरतात आणि नरसाळ्याला जोडलेल्या रबरी नळीच्या तळाशी साचतात. बेअरमान या डॉक्टरांनी १९१७ साली ही रीत प्रसिद्ध केली आणि आजही ती सर्रास वापरली जाते. नळीचा चिमटा सैल करून थेंबभर पाणी काचेवर घ्यायचे. सूक्ष्मदर्शकाखाली आरपार दिसणारे, एक मिलिमीटरही न भरणारे शरीर दिसते. त्यावर बारीक आडव्या वळ्या, डोक्याशी चार आखूड केस, आणि घशाच्या शेवटी एक फुगीर गोळा, ज्याच्या आतल्या झडपा सारख्या हलत जिवाणू भरडत असतात. हे भरडणे फक्त जिवंत कृमीतच पाहता येते आणि ते पाहताना माझी उठायची इच्छा होत नाही. शेपटीत तीन ग्रंथी असतात. त्यांचा चिकट स्राव शेपटीच्या टोकातून बाहेर येतो, त्याने कृमी तेवढे टोक एका जागी चिकटवून ठेवतो आणि उरलेले अंग मोकळे हलवत राहतो. श्रावणात त्या भिंतीवरून पाण्याचे ओघळ वाहत असताना तो मॉसवर टिकून राहतो तो यामुळेच असावा. मला नर एकही मिळाला नाही, पण प्लेक्टसच्या पुष्कळ जातींत नर दुर्मीळच असतात आणि माद्या नराशिवाय अंडी घालतात.

आई, एवढासा जीव नवा आहे हे सांगायला इतका वेळ का लागतो, असे तू विचारले होतेस. तो नवा आहे हे म्हणण्याआधी तो जुन्यांपैकी कोणीच नाही हे दाखवावे लागते, आणि खरा वेळ त्यात जातो. प्लेक्टस ही प्रजाती बॅस्टियन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६५ साली नोंदवली. तेव्हापासून निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या भाषांत जी वर्णने छापली गेली, त्यांतली जवळच्या जातींची सगळी मिळवून ताडून पाहावी लागतात, आणि त्यांतली काही इतकी त्रोटक आहेत की त्यांवरून धड होय म्हणता येत नाही की नाही म्हणता येत नाही. कृमी गरम पाण्याने मारून, फॉर्मलिनमध्ये टिकवून, मग हळूहळू ग्लिसरिनमध्ये आणून काचपट्टीवर बसवतात आणि एकेकाची मोजमापे घेतात. शरीराच्या लांबीला जाडीने, घशाच्या लांबीने आणि शेपटीच्या लांबीने भागून येणारी गुणोत्तरे डी मान या डच शास्त्रज्ञाच्या काळापासून चालत आली आहेत. माझा त्यांवर पूर्ण भरवसा नाही, कारण भरपूर खाल्लेली मादी जाड होते आणि गुणोत्तर बदलते. मुखपोकळीची लांबी, ओठांची ठेवण आणि शेपटीचा आकार यांना मी जास्त वजन देते, आणि आपला कृमी वेगळा ठरतो तो याच बाबतींत. त्याचा डीएनए क्रमही उपलब्ध नोंदींपैकी कशाशी जुळला नाही. तेवढ्याने मात्र काही सिद्ध होत नाही, कारण कितीतरी जुन्या जातींचा डीएनए अजून कोणी तपासलेलाच नाही.

आता भिंतीचे कारण. वर्णन छापताना एक मादी नमुना म्हणून निवडावी लागते. तिला होलोटाइप म्हणतात, आणि पुढे कधीही वाद झाला तर त्या जातीचे नाव त्या एका मादीशी बांधलेले असते. ती काचपट्टी कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहात द्यायचे आम्ही ठरवले आहे. पण काचपट्ट्या फुटतात, ग्लिसरिन सुकते, संग्रह आगीत आणि पुरात गेल्याचीही उदाहरणे आहेत. नमुना हरवला आणि नवा नेमायची वेळ आली, तर तो शक्यतो मूळ ठिकाणाहूनच घ्यावा, असे प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते. शिवाय फॉर्मलिनमध्ये टिकवलेल्या कृमीतून चांगला डीएनए मिळणे कठीण असते, त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला ताजे कृमीच लागतील. आमच्या लेखात मूळ ठिकाण म्हणून आपल्या विहिरीमागची भिंत लिहिली जाणार आहे, आणि तिथे मॉसच उरले नाही तर त्या ओळीचा उपयोग तो काय?

चैत्र-वैशाखात तर ते मॉस वाळून तपकिरी होते, मग कृमी मरत कसे नाहीत, हा आईचा प्रश्न रास्त आहे. ते सुकतात, अंगाची गुंडाळी करतात आणि जवळजवळ निर्जीव होऊन पडून राहतात. पाणी मिळाले की पुन्हा हलू लागतात. नीडहॅम यांनी १७४३ साली गव्हाच्या रोगट दाण्यांतल्या सुकलेल्या कृमींवर पाणी टाकून हे पाहिले होते, आणि सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून काढलेले सूत्रकृमी सुमारे ४६,००० वर्षांनी जिवंत झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. मी वैशाखात काढलेले कोरडे मॉस कागदी पाकिटात ठेवून पावसाळ्यात भिजवले, तेव्हा त्यातूनही आपले कृमी निघाले. तरी पाकिटातले मॉस कधीतरी संपेल. भिंतीवरचे दर पावसाळ्यात नव्याने वाढते.

नव्या जातीला आजीचे नाव द्यावे, ही आईची इच्छा मी सहकाऱ्यांपुढे मांडणार आहे. संहितेत त्याला आडकाठी नाही. अंजनेरीवरच्या कंदीलपुष्पाला डोंगराचे नाव मिळाले आहे, तसे गावाचे नाव द्यावे असेही एक मत आहे. काही ठरले तरी लेख छापून येईपर्यंत ते कुठेही लिहायचे नाही, म्हणून या पत्रातही लिहीत नाही. तुम्हीही दादाच्या ग्रुपवर टाकू नये.

बाबांना ओलीची काळजी आहे हे मला ठाऊक आहे. मॉसला खरी मुळे नसतात, झाडांच्या मुळांसारखे ते दगडात खोल शिरत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला येणारी ओल गच्चीच्या फुटलेल्या पाइपामुळे येते आणि तो मी याच आठवड्यात बदलून घेते. गवंड्याला दसऱ्यानंतर यायला सांगितले आहे आणि उत्तरेकडचा तो तुकडा खडूने आखून ठेवला आहे. बाबांनी होकार कळवला की बाकीच्या भिंतीचे काम सुरू करू. गेटला हिरवा रंग द्यायचा की करडा, तेही कळवावे.

कळावे.

तुमची लेक