मागच्या दारानं

ती. आई-बाबा,
सा. न. फोनवर आवाज तुटत होता आणि बाबा मध्येच बातम्या मोठ्या करतात, म्हणून शेवटी टाइपच करतेय.

रविवारी एर्दिगला जाऊन आलो, वेल्समध्ये, रेक्सहॅमच्या जवळ. मोठा वाडा आणि भोवती बाराशे एकर जमीन. मला वाटलेलं तीच ती झुंबरं नि पलंग, पण इथे पब्लिकला मागच्या अंगानंच आत घेतात, आधी सुतारशाळा, लोहाराची भट्टी, तबेला, मग स्वयंपाकघर, मालकांचे दिवाणखाने कधीतरी नंतर. आणि नोकर जेवायचे त्या खोलीत भिंतीवर नोकरांचीच ऑइल पेंटिंग्ज! 1790 च्या दशकात फिलिप यॉर्क नावाच्या मालकानं मुद्दाम काढून घेतलेली, वर स्वतः जुळवलेल्या कविता (आई, तुझ्या भिशीतल्या उखाण्यांच्या लेव्हलच्या). त्यात एक जेन एब्रेल आहे, 87 वर्षांची म्हातारी, काम काय तर कोळिष्टकं झाडणं, हातात झाडू. मी तिच्यासमोर इतका वेळ उभी की हे कंटाळून बागेत निघून गेले.

यॉर्क लोक इथे 1733 पासून, वारस म्हटला की सायमन नाहीतर फिलिप, तिसरं नाव सुचलंच नाही कुणाला. पुढे खालून कोळशाची खाण गेली आणि वाडा एका बाजूला जवळजवळ पाच फूट खचला, छत गळायला लागलं, शेवटच्या फिलिपच्या काळात घरात साधी लाइट नव्हती. त्याचं लग्न नाही, मूलबाळ नाही. 1973 ला त्यानं सगळं नॅशनल ट्रस्टला (जुन्या वास्तू जपणारी तिथली संस्था) देऊन टाकलं, अट एवढीच की घरातली एकही वस्तू हलवायची नाही. ट्रस्टनं थोडी जमीन विकून आणि खाणीची भरपाई घेऊन डागडुजी केली, 1977 ला उघडलं. आता लोक कुत्री फिरवतात, ऑक्टोबरात सफरचंदांची जत्रा असते.

बाबा, आपल्या वाड्याचं काकांशी जे चाललंय त्यात मी पडत नाही. फक्त माळ्यावरच्या ट्रंकेत एकदा बघाल का, भांडी घासायला यायच्या त्या आजींचा एखादा फोटो आहे का, कुणाच्या मुंजीच्या ग्रुपफोटोत कोपऱ्यात असल्या तरी चालेल. मागच्या दारानं यायच्या म्हणून आम्ही 'मागच्या आजी' म्हणायचो. आई, त्यांचं खरं नाव काय होतं गं?

तुमची,
ताई